हायरूलचा गावनकाशा
चाळीसगाव, वैशाखातला रविवार

आज हायरूलच्या, म्हणजे एका व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक राज्याच्या, नकाशातला शेवटचा चौकोन भरला. आलेख कागदावर आडवे सोळा आणि उभे आठ, असे एकशे अठ्ठावीस चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोन म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा मुलूख. कुठे डोंगर, कुठे झाडी, कुठे स्मशान, तर पूर्वेला समुद्र. जमीन मोजणीच्या कामात माझे निम्मे आयुष्य गेले असले, तरी बांधावरून कधी भांडण न झालेला नकाशा मी प्रथमच काढला.

खेळ आहे ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. निन्टेंडो या जपानी कंपनीसाठी शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला आणि जपानमध्ये तो २१ फेब्रुवारी १९८६ रोजी बाजारात आला. सुट्टीला आलेल्या भाचीजवळ कंपनीने २०२१ साली काढलेले, तळहातावर मावणारे एक यंत्र आहे आणि त्यात हा मूळ खेळ भरलेला आहे. आमच्या लहानपणी गावात जे टीव्ही गेम आले, त्यांच्या पिवळ्या कॅसेटमध्ये मारिओ आणि काँट्रा असायचे. झेल्डा मी कधी पाहिला नव्हता. भारनियमनामुळे ऐन रंगात आलेला डाव जायचा आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. अमेरिकेत १९८७ साली निघालेल्या झेल्डाच्या सोनेरी कॅसेटमध्ये मात्र खेळ जपून ठेवण्यासाठी बॅटरी होती. त्यातही रीसेटचे बटण दाबून धरूनच यंत्र बंद करा, अशी सूचना होती. ती पाळायला आमच्याकडच्या विजेने सवड दिली असती असे वाटत नाही.

खेळ सुरू होतो तो एका मोकळ्या जागेवर. हिरव्या अंगरख्यातला लिंक नावाचा नायक हाती ढाल घेऊन उभा असतो. तलवार नसते आणि कुठे जायचे हे कोणी सांगत नाही. शेजारच्या गुहेतला म्हातारा एकट्याने जाणे धोक्याचे असल्याचे सांगून लाकडी तलवार देतो, पण वाट दाखवत नाही. आई खाटेवरून हे सारे पाहत होती. ‘कथा चालना रे तो?’ म्हणजे कुठे चालला तो, असे तिने अहिराणीत विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक करडा आयत आणि त्यात आपण कुठे आहोत हे दाखवणारा ठिपका असतो. एवढ्या तुटपुंज्या आधारावर नकाशा उभा करायचा, हे काम मला फार आवडले. ठिपका जागा सांगतो, खुणा आपण टिपायच्या. दुकानाला चौकोन, परी असलेल्या तळ्याला वर्तुळ, भुयाराच्या दाराला काळी फुली, अशा खुणा भाचीने ठरवल्या आणि मी त्या कोपऱ्यात सूची म्हणून लिहून घेतल्या. भुयारांचे नकाशे वेगळ्या कागदांवर आहेत. तिसऱ्या भुयाराच्या खोल्या एकेक करून जोडत गेलो, तेव्हा कागदावर चक्क स्वस्तिक उमटले. जपानी नकाशांत बौद्ध मंदिर दाखवण्यासाठी हीच खूण वापरतात. पाटणादेवीच्या डोंगरातली आणि पलीकडची पितळखोऱ्याची लेणी पाहत वाढलेल्या माणसाला असे भुयार परके वाटत नाही.

माझी तक्रार आहे ती लपवलेल्या वाटांबद्दल. कुठले झुडूप जाळले की जिना दिसेल आणि कुठल्या कड्याला बॉम्ब लावला की दार उघडेल, याची बहुतेक ठिकाणी काडीचीही खूण नाही. निळी मेणबत्ती एका पडद्यावर एकदाच पेटते. दुसरे झुडूप जाळायचे असेल, तर शेजारच्या पडद्यावर जाऊन परत यावे लागते. हा कष्ट आहे, खेळ नव्हे, असे माझे स्पष्ट मत झाले होते. मात्र खेळणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे, सापडलेले एकमेकांना सांगावे, हाच आपला हेतू होता, असे मियामोतोंनी पुढे सांगितले आहे. अमेरिकेत तर कंपनीने फोनवर सल्ला देणारी माणसेच बसवली होती. म्हणजे शेकडो झुडपे एकाने जाळावीत अशी अपेक्षाच नव्हती. एका वर्गातल्या मुलांनी ती वाटून जाळायची होती. तक्रार अजून पुरती मिटलेली नाही, पण एकट्याने जाणे धोक्याचे, हे त्या म्हाताऱ्याचे वाक्य मी आता खेळाबाहेरच्या माणसालाही लागू धरतो.

सातव्या भुयाराचे दार याच रीतीने सापडले. जिथे परी राहत नाहीत तिथे गुपिते आहेत, असे एका म्हाताऱ्याने सांगितले होते आणि मी ते ऐकून सोडून दिले होते. आज नकाशा पूर्ण झाल्यावर भाचीने एका तळ्यावर बोट ठेवले: ‘मामा, या तळ्याला आपण वर्तुळ केलंच नाही.’ तिथे जाऊन पाचव्या भुयारात मिळालेली बासरी वाजवली. तळे आटले आणि तळाशी जिना दिसला. गुपित उलगडले की वाजणारी ती छोटी सुरावट आईच्या ओळखीची झाली आहे. ‘सापडनं का?’ असे तिने आतूनच विचारले. तळे कसे आटले हे सांगितल्यावर, त्याच्यासाठी बासरी कशाला हवी, असे म्हणून ती हसली. वैशाखात आमच्याकडची तळी आपोआप आटतात.

भुयारात बरेच आत गेल्यावर एका खोलीत एक राक्षस वाट अडवून उभा आहे. तो हल्ला करत नाही आणि तलवारीने मरतही नाही; बॉम्ब आणि बाण वापरूनही काही उपयोग झाला नाही. पडद्यावर फक्त तो गुरगुरत असल्याचे शब्द उमटतात. दुसऱ्या वाटेने जाता येईल का, हे पाहण्यासाठी मी भिंती तपासत होतो. तेवढ्यात भाचीने ते शब्द मोठ्याने वाचले आणि आई म्हणाली, ‘त्याले भूक लागनी व्हई.’ भाचीला एकदम आठवले की एका दुकानात मांसाचा तुकडा विकायला होता आणि महाग म्हणून आम्ही तो घेतला नव्हता. ते दुकान नेमक्या कुठल्या चौकोनात आहे, हे सूचीवरून लगेच सापडले. तेवढे पैसे मात्र सध्या जवळ नाहीत, कारण या खेळात प्रत्येक बाणामागे एक रुपी (खेळातले चलन) खर्च होतो आणि बाण मी सढळ हाताने सोडले आहेत. भाची आता वाटेतल्या राक्षसांना मारून रुपी गोळा करत आहे आणि मला धनुष्याला हात लावायला तिने बंदी केली आहे.