काशियाशच्या टेकडीपर्यंत

२९ ऑक्टोबर
दुपारी लिस्बनला पोहोचले. ग्रासा वस्तीतील एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर पाच दिवसांसाठी खोली घेतली आहे. घरमालकीण आजींना इंग्रजी येत नाही आणि मला पोर्तुगीज येत नाही, तरी त्यांनी किल्ली पुढे करून ‘शाव’ म्हटले तेव्हा ती आपली चावीच आहे हे लगेच उमगले. पाव, साबण आणि कोबी हे शब्दही याच भाषेतून आपल्याकडे आले. संध्याकाळी कोबीच्या पानांचे हिरवे सूप आणि पाव खाताना परक्या घरात बसल्याचे दडपण बरेच कमी झाले.

३० ऑक्टोबर
सकाळपासून पावसाची भुरभुर होती. इथले पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत आणि ते ओले झाले की पाय घसरतो, म्हणून आल्फामाचा उतार भिंतीच्या आधाराने सावकाश उतरले. मुख्य कॅथेड्रलजवळ आल्झूब नावाचे संग्रहालय आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत ही इमारत राजकीय कैद्यांचा तुरुंग होती आणि २०१५ साली तिचे संग्रहालय झाले. आत एकांतकोठड्यांची प्रतिकृती आहे. कैदी त्यांना बैल कोंडण्याच्या जागेचे नाव देत, कारण माणूस जेमतेम आडवा होईल एवढीच त्यांची लांबी आणि हात पसरताही येणार नाहीत एवढी त्यांची रुंदी. मी त्या दारात बराच वेळ उभी राहिले. बरोबर कोणी असते तर पुढे चलण्याची घाई झाली असती. एकटीने फिरण्याचे मोल मला त्या दारात कळले.

३१ ऑक्टोबर
लिस्बनच्या नदीकाठच्या बेलें भागात जाऊन आले. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कोरीव समाधी आहे. १५२४ साली कोचीत मरण पावलेल्या या माणसाच्या अस्थी पुढे पोर्तुगालला आणल्या गेल्या. मठाची कारागिरी अप्रतिम आहे आणि ती पाहताना मी हरखून गेले, हे मान्य केले पाहिजे. मात्र इथून जहाजे घेऊन निघालेल्यांची स्मारके नदीकाठी जागोजागी दिसतात आणि आपल्याकडून इथे बांधून आणलेल्या माणसांच्या खुणा शोधत हिंडावे लागते, ही गोष्ट दिवसभर मनात सलत राहिली.

१ नोव्हेंबर
१७५५ साली याच तारखेला भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी हे शहर उद्ध्वस्त केले. त्या दिवशी कोसळलेले कार्मू चर्चचे छत पुन्हा कधी पूर्ण बांधले गेले नाही. नुसत्या दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून आकाश दिसते. समोरच्या चौकात कागदाच्या पुडीत भाजलेले चेस्टनट घेऊन बसले. सालीवर चीर दिलेली, वरून मिठाचा पांढरा थर आणि फोडताना बोटांना लागणारी काजळी; चव मात्र रताळ्याच्या जवळची.
२५ एप्रिल १९७४ रोजी याच चौकातील लष्करी ठाण्यात सालाझारनंतरचे पंतप्रधान काएतानू यांनी लष्कराच्या उठावापुढे सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोवली होती. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला असला, तरी पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी, म्हणजे ही क्रांती झाल्यानंतर. आपल्या इतिहासातील एक पान इथे उलटले गेले होते, हे त्या चौकात बसल्यावरच मला खऱ्या अर्थाने जाणवले.

२ नोव्हेंबर
ज्यासाठी आले होते, तिथे आज गेले. आमचे आजोबा सांगलीचे आणि मोहन रानडेही सांगलीचे. त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानांवर होते. मूळचे मनोहर आपटे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ साली पकडले गेले आणि २६ वर्षांची शिक्षा होऊन पुढे पोर्तुगालला आणले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे ते लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात बंदी होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षे झटले, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले.
काइश दु सोद्रे स्थानकातून निघालेली लोकल नदीच्या काठाकाठाने जाते. वाटेत जो तांबडा झुलता पूल लागतो, तो १९६६ साली सालाझारच्या नावाने खुला झाला. तेव्हा रानडे याच लोकलच्या वाटेवर पुढे कैदेत होते. आज त्या पुलाला २५ एप्रिलचे नाव आहे.
काशियाशला उतरल्यावर समोर पाण्याला लागून एक छोटा, देखणा किल्ला दिसला आणि तोच तो असे समजून मी त्याच्या भिंतीला हात लावला. तो दुसराच, साओ ब्रुनूचा किल्ला निघाला. तुरुंग मागच्या टेकडीवर आहे आणि तिथे आजही कैदी असतात, त्यामुळे आत जाता येत नाही. चढ चढून बाहेरच्या रस्त्यावर थांबले. भिंत, कुंपणाच्या तारा, पहाऱ्याची चौकी आणि कडेला वाऱ्याने एका बाजूला झुकलेले गवत, एवढेच तिथे होते. मागे वळून पाहिले तर नदी समुद्राला मिळते तिथले पाणी उन्हात चमकत होते.
तिथूनच बाबांना फोन लावला. सांगलीत रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, “तिथून समुद्र दिसतो का गं?”
“रस्त्यावरून दिसतो, बाबा. भिंतीच्या आतून दिसत असेल असे वाटत नाही.”
“थोडा वेळ थांब तिथे,” ते म्हणाले. पुढच्या दोन लोकल मी जाऊ दिल्या.