पगारातले ते दोनशे रुपये

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत पगाराची स्लिप हातात पडली की हमखास विचारलं जातं : "व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे कापतात, फेब्रुवारीत तीनशे. आमचा कुठला व्यवसाय? आणि हे पैसे जातात कुठं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कायद्याच्या लेखी नोकरी हीसुद्धा करपात्र आजीविकाच आहे. पैसे कुठं जातात, हे मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

हा कर राज्याने १९७५ साली लावला तो रोजगार हमीसाठी. त्या योजनेचे जनक वि. स. पागे. पहिला प्रयोग झाला तोही आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. विचार सरळ होता. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याने माण-खटाव, जत-आटपाडीत पावसाने दगा दिलेल्या माणसाच्या मजुरीला हातभार लावायचा. भार एकट्या पगारदारावर टाकलेला नव्हता. बागायत जमिनीवर विशेष आकारणी आणि शहरातल्या बिगरनिवासी मिळकतींवरही कर बसला, आणि या करांतून येईल तेवढीच भर राज्याने स्वतः घालायची ठरली. त्यातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेला जोडली गेली, आणि कोरडवाहू रानात डाळिंब, बोर, आंबा लावायला अनुदान मिळू लागलं. पगारातून कापलेले पैसे कुणाच्या कामी यावेत हे इतकं स्पष्ट सांगणारे कर फार थोडे आहेत. म्हणून तो कर असावा, असंच माझं मत आहे.

अन्याय आहे तो टप्प्यांत. पुरुषाचा पगार साडेसात हजारांपर्यंत असेल तर कर नाही, त्यावर दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये, आणि दहा हजारांच्या वर सगळ्यांना एकच माप, वर्षाला २,५००. बारा हजारांवर काम करणारा वॉचमन वर्षाला १,४४,००० कमावतो. त्याच्या हजारामागे सतरा रुपयांवर जातात. महिना दोन लाख पगाराच्या साहेबाच्या हजारामागे जेमतेम एक रुपया जातो. शिवाय साहेब आयकराच्या जुन्या प्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर हे २,५०० उत्पन्नातून वजा होतात आणि उपकर धरून त्याचे ७८० रुपये वाचतात. वॉचमनला आयकरच नाही, त्यामुळे वाचवायलाही काही नाही. (नव्या प्रणालीत ही वजावट कुणालाच मिळत नाही.)

राज्याला वरच्या पगारावर जास्त कर लावता येत नाही, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून वाढवली, त्यानंतर हललेली नाही. ती संसदेनेच वाढवायची. पण खालचा टप्पा उचलणं पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी दिली, ती योग्यच. तीच पुरुषांना द्यायला घटनेची कुठलीही आडकाठी नाही. साडेसात हजारांत आज सांगलीत खोलीभाडं आणि किराणासुद्धा भागत नाही, आणि त्याच्या पुढच्या रुपयापासून कापाकापी सुरू होते.

आता स्लिप बघा. पंचवीस हजारांच्या आतल्या महिलेच्या पगारातून अजून दोनशे जात असतील, तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनेच टप्पे राहिलेत. आस्थापना विभागाला लेखी कळवा. मात्र टप्पा ठरवताना हातात पडणारी रक्कम धरत नाहीत; मूळ पगार, महागाई भत्ता आणि नियमित भत्ते मिळून होणारा एकूण पगार धरतात. तिथं पुष्कळांची गल्लत होते. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि चाळीस टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व असलेल्यांना पूर्ण माफी आहे, पण प्रमाणपत्र दिल्याशिवाय कुणी आपणहून कपात थांबवत नाही. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराचा कर पगार निघालेल्या महिन्यांपुरताच. कारखाना बंद असतानाच्या महिन्यांची वसुली पुढच्या हंगामात केली असेल तर ती परत मागा. आणि दुकानदार, वकील, डॉक्टर यांनी स्वतःची नावनोंदणी करून व्यवसाय कराचे २,५०० दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायचे असतात, नाहीतर त्यावर व्याज चढतं.