काठाचा टवका

भांडं दिसलं की आधी त्याचा काठ बघायचा, ही खोड मला लोणच्याच्या बरण्यांनी लावली. टवका उडाला की बरणी पोटात काय घेऊन बसली आहे ते कळतं. त्यामुळे परदेशातल्या एका संग्रहालयात इराकमधल्या बसऱ्याच्या नवव्या शतकातल्या वाडग्यासमोर उभी राहिले, तेव्हाही काचेला नाक लावून मी काठच शोधला. सापडला. बाहेरून दुधासारखा पांढरा, आतून ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचा!

त्या काळी चीनची पांढरीशुभ्र भांडी समुद्रमार्गे अब्बासी खलिफांच्या, म्हणजे त्या घराण्यातल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या मुलखात येत होती. इराकमधलंच सामर्रा शहर 836 ते 892 त्यांची राजधानी होतं. तिथल्या उत्खननातही ती निघाली. बसऱ्याच्या कुंभारांनाही तसंच हवं होतं. पण ती माती नाही, तेवढी तापणारी भट्टीही नाही. मग त्यांनी शिशाच्या झिलईत कथील मिसळलं. भाजल्यावर कथलाचे बारीक कण प्रकाश आरपार जाऊ देत नाहीत, झिलई पांढरी दिसते आणि पिवळी माती झाकली जाते. कथील म्हणजे आपली कल्हईच की! रीत वेगळी, आपण पितळेला आतून लावतो, त्यांनी मातीला अंगभर पांघरलं. गंमत म्हणजे ‘कल्हई’ हा शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आलेला.

त्या पांढऱ्यावर कोबाल्टची निळाई. रेषा काठांशी किंचित फुटलेल्या, धोतराला नीळ देताना एखादा थेंब पसरावा तशा. मला तीच फुटलेली रेघ आवडली. नक्कल करायला बसलेल्या माणसाचा हात तिथे स्वतःचं काहीतरी करून गेलाय. निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी चीनचं नाव दुमदुमलं ते पुढे चौदाव्या शतकात.

शेजारच्या कपाटात इराणमधलं दहाव्या शतकातलं निशापूर होतं. इथे कथील नाही. मातीवर पातळ पांढऱ्या मातीचा हात दिलेला, त्यावर काळ्या रंगात कूफी, म्हणजे कोनदार वळणाची अरबी अक्षरं, वरून पारदर्शक झिलई. अक्षरांचे दांडे उंच ताणलेले, जणू काठाभोवती कुंपण घातलंय. अशा भांड्यांवर म्हणी लिहीत. एका प्रसिद्ध वाडग्यावर आहे, कामाआधी बेत केला तर पश्चात्ताप टळतो. पण वाचायचं तर वाडगा गोल फिरवायला हवा. भरलेला असेल तर सांडायची भीती, आणि हा उपदेश पाहुण्याला!

मी अर्थात काठ बघितला. तिथेही टवका होता. आत तांबूस माती.