स्पर्धाक्षमता आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस

देशाची स्पर्धाक्षमता वाढली की गरिबी कमी होते, हे मला मान्य आहे. मात्र ती क्षमता कुणाच्या जिवावर वाढवायची, हे ठरल्याशिवाय यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९९० मध्येच मांडले होते की स्वस्त मजुरीवर राष्ट्र समृद्ध होत नाही, ते उत्पादकतेवर होते. आपण मात्र अजूनही सोपा मार्ग धरतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ तारखेपासून माफ केले आणि नंतर ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण खरी होती, तिथल्या कामगारांचे पोटही त्यावरच आहे. पण शुल्क नसले की बाहेरचा कापूस स्वस्तात येतो आणि इथला भाव दबतो. आमचा पहिला वेचा दसरा-दिवाळीला घरी येतो आणि बहुतेकांना उधारी फेडण्यासाठी तो लगेच विकावा लागतो. म्हणजे देशाच्या स्पर्धाक्षमतेचा भार नेमका त्याच महिन्यांत सर्वांत कमी ऐपत असलेल्यांवर पडला.

खरे काम उत्पादकतेचे आहे. आपल्याकडे हेक्टरी साधारण साडेचारशे किलो रुई निघते, ब्राझीलमध्ये त्याच्या चौपटीच्या आसपास. ब्राझीलचाही बहुतांश कापूस पावसावरच येतो, त्यामुळे सगळा दोष सिंचनावर ढकलता येत नाही, जरी त्यांचा पाऊस आमच्यापेक्षा भरवशाचा असला तरी. तिथे झाडे दाट लावतात, पीक एकाच वेळी फुटते आणि शेत लवकर मोकळे होते. आमच्याकडे एकरी झाडे कमी, हंगाम लांबलेला, त्यात फरतड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात राखून पुन्हा बोंडे घेणे, यामुळे गुलाबी बोंडअळीला पुढच्या पिकापर्यंत आसरा मिळतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हलक्या जमिनीसाठी सघन लागवड सुचवली आहे, आणि ती गावोगाव पोचायला हवी.

तरीही एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. कापूस एकदम फुटून यंत्राने वेचला जाऊ लागला, तर किलोवर वेचणी करणाऱ्या, बहुतांशी भूमिहीन असलेल्या बायांनी जायचे कुठे? बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी त्याच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे, आणि त्या कारखान्यांनी लाखो ग्रामीण स्त्रियांच्या हाती नियमित पगार दिला. तिथली मजुरी कमी आहे आणि २०१३ ची राणा प्लाझाची दुर्घटना, जिथे कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून हजाराहून अधिक माणसे मेली, विसरता येत नाही, म्हणून तो नमुना जसाच्या तसा नको. पण आमची रुई गाठी बांधून बाहेर जाते आणि धाग्यापासून सदऱ्यापर्यंतचा रोजगार दुसरीकडे उभा राहतो, हेही बदललेच पाहिजे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला होणाऱ्या वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झाले. तिथे किती कोटी आले हे कळेलच. घाटंजी, मारेगावसारख्या तालुक्यांतल्या किती बाया तिथे पगारावर लागल्या, त्यांच्या राहण्याची आणि ने-आण करण्याची काय सोय झाली, हेही सरकारने दरवर्षी जाहीर करावे.