आईच्या टेबलावरचा डेबियन: पाच आठवड्यांची नोंद

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हिंजवडीतल्या एका कार्यालयाने मोडीत काढलेला डेस्कटॉप माझ्याकडे आला तो याच कारणाने. इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेट, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि मी नव्याने बसवलेली एसएसडी असा हा संच आहे. त्यावर विंडोजऐवजी डेबियन, म्हणजे लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा एक प्रकार, बसवायचे ठरवले. यंत्र कर्वेनगरच्या घरी आईच्या खोलीत ठेवायचे असल्याने माझी कसोटी सोपी नव्हती. कीर्तनाचे व्हिडिओ अडखळता कामा नयेत, वाय-फाय आपणहून जोडले गेले पाहिजे आणि बटण दाबल्यावर यंत्र झोपले (स्लीपमध्ये गेले) व उठले पाहिजे.

पहिल्या आठवड्यात काहीही बसवले नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (काही न बसवता लिनक्स चालवणारी) यंत्र सुरू केले, आतले भाग दाखवणारी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा चालवली आणि प्रत्येक भागाचा ओळखक्रमांक व त्याला लागलेला ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) वहीत उतरवला. खोक्यावरचे नाव कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसतच नाही. त्याला दिसतात ते उत्पादकाचे चार आणि उपकरणाचे चार आकडे किंवा अक्षरे, आणि ड्रायव्हरच्या यादीत ती जोडी असेल तरच उपकरण चालू होते. त्यामुळे ‘हे मॉडेल लिनक्सवर चालते का’ असे विचारण्यापेक्षा ‘आत कोणती चिप आहे’ हे विचारावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ग्राफिक्सला आय९१५ आणि इथरनेटला आर८१६९ हे ड्रायव्हर लागले, आवाजही आला. या तिन्हींसाठी मला काहीच करावे लागले नाही.

दुसऱ्या आठवड्यात डेबियन १२ बसवले, कारण त्याची पेनड्राइव्ह तयार होती. पॅकेजेस अद्ययावत करताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक येऊ लागली आणि मी तासभर मिरर (पॅकेजेस पुरवणारे सर्व्हर) बदलत बसलो. दोष तिथे नव्हता. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली होती. रात्री प्लग काढला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई आणि मग पॅकेजच्या याद्या भविष्यातल्या ठरत. नवी बॅटरी बसवली आणि प्रश्न मिटला. जुने यंत्र घेणाऱ्याने सर्वांत आधी हीच बॅटरी बदलावी.

खरा वेळ वाय-फायने खाल्ला. आईच्या खोलीपर्यंत केबल पोहोचत नाही, म्हणून तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून यूएसबी डोंगल (यूएसबीत लावायचा वाय-फायचा छोटा तुकडा) आणला. काउंटरवर एकाच नावाची दोन खोकी होती, पण एकाच्या मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत दुसरी आवृत्ती असल्याचे छापले होते. दुकानदार म्हणाले, “काका, आतलं काही बदललेलं नाही, फक्त कव्हर नवीन आहे.” त्यांनी दोन्ही डोंगल माझ्या लॅपटॉपला लावून पाहू दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दोन्हींचे ओळखक्रमांक वेगळे निघाले. जुनी आवृत्ती शेवटचीच होती आणि तिचे टोक वाकलेले होते, त्यामुळे नवी घ्यावी लागली.

घरी आल्यावर डोंगल लावला तर पडद्यावर चक्क एक सीडी उमटली आणि तिच्यात विंडोजसाठीची सेटअप फाइल दिसली. क्रमांक होता ०बीडीए:१ए२बी. असे डोंगल आधी सीडी-ड्राइव्हचे सोंग घेतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर त्यातच मिळतो. ती सीडी ‘इजेक्ट’ केली, किंवा यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज बसवले, की तोच तुकडा वाय-फाय म्हणून पुन्हा प्रकट होतो. माझा क्रमांक बदलून ०बीडीए:सी८११ झाला आणि तरीही एकही नेटवर्क दिसेना. या कुळातल्या यूएसबी चिपसाठी कर्नेलमधला ड्रायव्हर ६.२ पासून आला आणि डेबियन १२ चे कर्नेल आहे ६.१, म्हणजे अगदी एका पायरीने हुकले. बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नेलसाठी ड्रायव्हर तयार करणाऱ्या साधनाने) बांधता आला असता, परंतु प्रत्येक कर्नेल-बदलानंतर तो पुन्हा बांधला जायला हवा, आणि तो एखाद्या दिवशी बांधला गेला नाही तर आईने काय करावे? म्हणून डेबियन १३ वर गेलो. त्याचे कर्नेल ६.१२ आहे. फर्मवेअरचे (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचे) पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू केले आणि नेटवर्कची यादी समोर आली.

चौथा आठवडा झोपण्या-उठण्यात गेला. यंत्र झोपवले की पंखा थांबे आणि दोन सेकंदांत आपोआप पुन्हा फिरू लागे. ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलीत यंत्राला कोण उठवू शकते याची यादी असते. त्यातील एकेक नाव बंद करून पाहिले. ईएचसी१ म्हणजे यूएसबी २ चा नियंत्रक बंद करून फरक पडला नाही, एक्सएचसी म्हणजे यूएसबी ३ चा नियंत्रक बंद करताच यंत्र शांत झोपले. आता ते कीबोर्डने उठत नाही, पॉवरच्या बटणाने उठते, आणि आईला ते चालते. ही निवड रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून बूट होताना आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिस, लिहिली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: त्या फाइलीत नाव लिहिले की स्थिती उलटते, त्यामुळे आधीच बंद असलेले साधन दुसऱ्यांदा लिहिताच चालू होते. सर्व्हिसने आधीची स्थिती तपासूनच नाव लिहावे.

व्हिडिओबाबत थोडक्यात. एच.२६४ आणि व्हीपी९ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन पद्धती. या पिढीच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ ची उकल हार्डवेअरमध्ये होते, व्हीपी९ ची पूर्ण सोय मात्र सातव्या पिढीपासून आहे. म्हणून ब्राउझरमध्ये एच.२६४ मागणारे एक्स्टेंशन बसवले, आणि दोन तासांचे कीर्तन पंख्याचा आवाज न वाढता पूर्ण झाले.

आजवर यंत्राला ३० वेळा झोपवले आणि ते ३० वेळा उठले. फक्त एकदा वाय-फाय परत यायला सुमारे ४० सेकंद लागले. त्या वेळच्या डीमेसेजमधील (कर्नेलच्या नोंदींमधील) ओळी वहीत आहेत. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद असते. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे ही निवड बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) करून ठेवली आहे, तिची तपासणी येत्या गुरुवारी होईल.