चपला काढू का?

आमच्या टूरने रोमला दीड दिवस दिला होता. त्यातला बराचसा त्या प्रसिद्ध कारंज्यापुढच्या रेटारेटीत आणि 'इंडियन लंच'च्या पनीरमध्ये गेला. व्हॅटिकनच्या रांगेबद्दल बोलायलाच नको. रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आम्हाला वरच्या रस्त्याच्या कठड्यावरून दाखवण्यात आला. "फोटो काढून घ्या, दहा मिनिटं!" ज्या जागेसाठी दोन वर्षं पैसे साठवले, ती अशी वरून? माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ग्रुप खरेदीला निघाला, तशी मी आईला घेऊन सटकले.

आधी लार्गो आर्जेंटिना. भर रहदारीच्या चौकात खाली मोठा खड्डा, त्यात चार जुन्या देवळांचे खांब-चौथरे. त्यांच्या पाठीमागे दगडांचा थोडा पाया दिसतो, तेवढंच उरलंय पॉम्पेच्या सभागृहाचं. सिनेटची, म्हणजे रोमच्या राज्यमंडळाची, इमारत जळाली होती, नव्या सभागृहाचं काम चालू होतं, म्हणून इ.स.पू. 44 च्या 15 मार्चला सभा इथे भरली. आता इथे मांजरं राहतात, त्यांची रीतसर देखभालही होते. आई कठड्याला टेकून ती मोजत होती.

"इथे ज्युलियस सीझरला मारलं," मी म्हटलं. "त्याच्याच सिनेटमधल्यांनी. 23 जखमा. सुएटोनियस नावाचा रोमन चरित्रकार लिहितो की वैद्याच्या मते त्यातली एकच जीवघेणी होती. पडला तो पॉम्पेच्या पुतळ्याच्या पायाशी."

"हा पॉम्पे कोण?"

"त्याचा जावई."

आईचं मोजणं थांबलं. मग सगळं सांगावं लागलं. सीझरची एकुलती एक मुलगी ज्युलिया पॉम्पेला दिली होती. राजकारणातली सोयरीक, पण संसार चांगला झाला. जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. इ.स.पू. 54 मध्ये ज्युलिया बाळंतपणात गेली आणि पाच वर्षांत सासरा-जावई एकमेकांवर फौजा घेऊन उभे. हरलेला पॉम्पे इजिप्तला पळाला, तिथे किनाऱ्यावर उतरतानाच मारला गेला.

"मुलगी होती तोवर धरून होते," आई म्हणाली. बीएला या यादवीच्या कारणांवर मी चांगली तीन पानं लिहिली होती.

फोरमचं तिकीट माणशी 18 युरो. आईने नव्वदने गुणून सोळाशे वीस आणले आणि गप्प बसली, ते जास्त लागलं. आत काळ्या दगडांचा रस्ता, दगड पार गुळगुळीत झालेले आणि मधल्या फटी बोटभर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे आणू नये हे मला आधी कळायला हवं होतं. पंधरा पावलं चालायचं, थांबायचं, बाटलीतलं पाणी प्यायचं.

आणि एवढं करून काय, तर मातीचा ढीग! ऑगस्टसने आपल्या दत्तक बापासाठी, म्हणजे सीझरसाठी, बांधलेलं, इ.स.पू. 29 मध्ये अर्पण केलेलं अख्खं देऊळ होतं इथे. आज साध्या छपराखाली, अर्धगोल भिंतीच्या आड, कमरेएवढा ओबडधोबड ढिगारा. सीझरची चिता इथे पेटली असं मानतात. लोकांनी बाकं, खुर्च्या, हाताला येईल ते तोडून त्यात टाकलं, बायकांनी अंगावरचे दागिने टाकले. मला रागच आला. गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकणाऱ्याच्या वाट्याला हे? आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मांडव बरा.

ढिगाऱ्यावर मात्र फुलं होती. दोन गुलाब ताजे, बाकी सुकलेले, मध्ये नाणी, घडी घातलेल्या चिठ्ठ्या. आईने ती पाहिली आणि हळूच विचारलं, "चपला काढू का?"

"अगं, देऊळ नाहीये आता."

"मग फुलं कशाला?"

तोवर तिने एक सँडल काढलाही होता. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की जुलै महिना याच्या नावाचा. रोमन वर्ष 355 दिवसांचं, मेळ बसवायला मधूनमधून एक जादा महिना घालायचे. तो घालायचा की नाही हे पुरोहितांच्या हातात, आणि मुख्य पुरोहित खुद्द सीझर, तो वर्षानुवर्षं मोहिमांवर. महिने ऋतूंच्या पार पुढे पळाले. शेवटी इ.स.पू. 46 हे वर्ष त्याने 445 दिवसांचं केलं आणि गाडी रुळावर आणली.

"अधिक महिना की," आई म्हणाली. "पण आपला गणितानं येतो. भटजींच्या मर्जीवर नाही ठेवला कुणी." आणि या माणसाबद्दल तिचं मत पहिल्यांदाच बरं झालेलं दिसलं.

सँडलचा बंद काही लागेना. तिला वाकता येत नाही, म्हणून मी तिथेच मातीत बसले. मागे एक जपानी कुटुंब हातात फूल घेऊन शांतपणे थांबलं होतं. बक्कल दोनदा निसटलं. त्यांनी घाई केली नाही.

बसपाशी वीस मिनिटं उशिरा पोचलो. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, तीही मीच. आई खिडकीशी बसून शेजारच्या काकूंना सांगत होती, "अहो, जावई सासऱ्याहून सहा वर्षांनी मोठा!"