तुम्ही विचारलंत म्हणून: खुल्या अभ्यास साहित्यात मी काय भर घालू?

"अभ्यासक्रमाचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं आहे हे ठीक, पण मी ना प्राध्यापक, ना प्रोग्रामर. मी त्यात काय भर घालणार?" हे मला वरचेवर विचारलं जातं. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: शिकताना तुम्ही जिथे अडलात, ती जागा दाखवून द्या.

धडा लिहिणाऱ्याला विषय इतका मुरलेला असतो की मधली पायरी गाळली गेल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. ते नवख्यालाच दिसतं, आणि तेही थोडेच दिवस. एकदा समजलं की आपणही ती पायरी विसरतो. म्हणून अडलात त्याच दिवशी टिपून ठेवा आणि प्रकल्पाच्या रेपॉझिटरीत (जिथे त्याच्या सगळ्या फाइली असतात) 'इश्यू', म्हणजे अडचणीची किंवा सूचनेची नोंद, टाका. मात्र नेमकं लिहा. "तिसरा धडा कळला नाही" एवढ्यावर कोणी काय करणार? "तिसऱ्या धड्यात 'स्टँडर्ड एरर' हा शब्द वापरलाय, त्याची व्याख्या मात्र पाचव्या धड्यात आहे" असं लिहिलंत, तर दुरुस्ती लगेच करता येते.

ती तुम्ही स्वतःही करू शकता. असे धडे बऱ्याचदा मार्कडाउनमध्ये, म्हणजे जवळपास साध्या मजकुरातच असतात. गिटहबवर, म्हणजे अशा रेपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक केलं, की ब्राउझरमध्येच बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल स्वीकारा' अशी विनंती, पाठवता येते. त्यासाठी आधी गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन शिकायची गरज नाही. एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवा. मी सुरुवातीला उत्साहाने अख्खा धडा नव्याने लिहून पाठवला होता. तो तपासायला कोणाला सवड होईना. पुढे त्यातलंच एक उदाहरण वेगळं काढून पाठवलं, ते लगेच स्वीकारलं गेलं.

परवान्याबद्दल मात्र मी आग्रही आहे. फुकट वाचायला मिळतं ते सगळं कुठेही वापरता येतं, हा समज फार पसरलाय. एमआयटीने 2001 साली जाहीर केलेल्या ओपनकोर्सवेअर या खुल्या अभ्यासक्रम प्रकल्पाचं साहित्य सर्वसाधारणपणे 'सीसी बाय-एनसी-एसए' या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको, बदललेलं साहित्यही याच परवान्याखाली द्या) मिळतं, तर संगणन आणि डेटा-कौशल्यं शिकवणाऱ्या 'द कार्पेंट्रीज'चे धडे 'सीसी बाय'खाली (फक्त श्रेय द्या). पहिल्यातला उतारा किंवा आकृती दुसऱ्यात घालून सगळंच 'सीसी बाय' म्हणून वाटता येत नाही, कारण पहिल्यात व्यावसायिक वापराला मनाई आहे. आणि परवान्यात 'एनडी' (बदललेलं रूप वाटायला मनाई) असेल तर अनुवादसुद्धा परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. चित्र स्वतः काढलेलं असेल तर उत्तमच. त्याला पर्यायी मजकूरही, म्हणजे चित्राचं शब्दांत वर्णन, जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही धडा पुरता पोचेल.

अनुवाद करायचा असेल तर आधी इश्यू टाकून विचारा. मूळ धडा बदलत राहतो, त्यामुळे अनुवाद कोणत्या आवृत्तीवरून केला याची नोंद हवी. अशा प्रकल्पांत पुष्कळजण नोकरी सांभाळून काम करतात. दोन आठवडे उत्तर आलं नाही, तर त्याच इश्यूखाली एका ओळीत पुन्हा विचारा.